बंगल्यातलं माणूस

आरतीने कॉम्प्युटरवर उभारलेला तुंगार्लीचा बंगला आर्किटेक्चर कॉलेजातल्या सरांना आवडला, पण ते म्हणाले, "यात एखादं माणूस टाक. माणसाशिवाय घराची उंची कळत नाही." सॉफ्टवेअरमध्ये आयती माणसं होती, पण सगळी गोरी, सुटाबुटातली. तळ्याकाठच्या बंगल्यात ती कुठली शोभायला! मग आरतीने मामाच्या लग्नातल्या फोटोतून खुर्चीवर बसलेली आपली आई कापून घेतली आणि नेऊन बसवली थेट व्हरांड्यात.

रविवारी घरी आल्यावर तिने लॅपटॉप आईपुढे धरला. तुंगार्लीतल्या बंगल्यांची झाडलोट करण्यात आईचं, बायडाबाईचं, निम्मं आयुष्य गेलं होतं. तिने पदराला हात पुसले आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"चपला घालून वर चढलीय व्हय मी?" ती करवादली. "येवढी चकचकीत फरशी! काढ आदी त्या."

आरतीला हसू आलं. तिने आईच्या पायातल्या चपला काढल्या, माउसने बंगला गर्रकन फिरवला आणि आई रोज कामावर गेल्यावर ठेवते तशा त्या मागच्या दाराशी नेऊन ठेवल्या.

बायडाबाई पुढे वाकली. तिने स्क्रीनवर बोट टेकवलं.

"तितं न्हाई. म्होरल्या दारात ठेव. बसाया आलेय मी."