मालकाला विचारून सांगते

“गिरणी कुणाची आहे, एवढंच विचारतोय,” पाहणीवाला म्हणाला.

“मालकाची,” गिरणीवाली म्हणाली आणि तिने बटण दाबलं. पुढचा प्रश्न गिरणीच्या घरघरीत बुडाला.

पाहणीवाल्याने कपाळावर हात मारला. सकाळपासून हेच चाललं होतं. न्हाव्याकडे गेला, तर न्हावी म्हणाला, खुर्ची मालकाची, मी मजुरीवर. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याच्याकडे असं बघत होतं, जणू वस्तरा यानेच धरलाय. सायकलवाल्याकडे गेला, तर बाकावर रेंगाळणारे दोघे-तिघे त्याला पाहताच उठून चालते झाले. सायकलवाल्याचंही उत्तर तेच. पंप मालकाचा, पानेसुद्धा मालकाचे.

गेल्या वर्षी या गावातल्या प्रत्येक घराला एका संस्थेकडून मदतीचा पहिला हप्ता थेट हातात मिळाला होता. अट काही नव्हती, ज्याला जे जमेल ते त्याने करावं. बऱ्याच जणांनी छोटे धंदे टाकले आणि पहिले काही महिने ते रडतखडत चालले. चुलते, मेहुणे, व्याही येत, माल उचलत आणि “घरचंच तर आहे” म्हणून निघून जात. मग हळूहळू सगळ्यांचं बस्तान बसलं. दर महिन्याला मोटारसायकलवरून फेरी मारणाऱ्या पाहणीवाल्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दुकानं उघडी आहेत ना, माल आहे ना, एवढंच तोवर बघायचं असे. आज वर्षाची पाहणी, म्हणून पहिल्यांदा विचारलं की धंदा कुणाचा. तर गावात धंदे भरपूर, आणि धंदेवाला एकही नाही!

शहरातल्या कुणा व्यापाऱ्याने सगळं गाव गिळलं होतं, दुसरं काय? त्याने तसा फोन केला, तेव्हा संस्थेच्या कार्यालयातून एकच उत्तर आलं: असं असेल तर पुढचा हप्ता थांबव, संध्याकाळच्या आत कळव.

पुढच्या हप्त्यातून गिरणीवाली पत्र्याची खोली बांधणार होती. दळणाच्या जोडीला ती गुरांची पेंड विकायची आणि पोती उघड्यावर भिजून खराब व्हायची. गेल्याच महिन्यात तिने स्वतः जागा दाखवली होती, पावलांनी मापून.

पाहणीवाल्याची बायको असती तर म्हणाली असती, आधी पाणी प्या, मग चिडा. गेल्या हिवाळ्यापासून असं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तो नुसताच चिडत राहायचा.

गिरणी थांबली.

“ताई, गेल्या महिन्यात खोलीची जागा तुम्हीच दाखवलीत ना? मालकाच्या खोलीची तुम्हाला काय पडलीय?”

“साहेब, जरा आत या. पाणी घ्या.”

“पाणी नको. जे आहे ते इथेच, सगळ्यांसमोर.”

हा कार्यालयाचा नियम होता. चारचौघांत विचारायचं, म्हणजे कोणी खोटं बोलत नाही. आडोशाला नेऊन सांगितलेलं खरं धरायचं नाही. दळणाच्या रांगेतल्या बायका डबे घेऊन उभ्या होत्या आणि सगळ्यांचे कान इकडेच होते.

“बरं, माणूस कसा आहे हा मालक?”

“चांगले आहेत,” गिरणीवाली जपून म्हणाली. “फक्त कडक आहेत. उधारी चालत नाही त्यांना.”

“कडक कसले, दगड आहेत दगड!” रांगेतली म्हातारी कडाडली. “सख्खी चुलत सासू लागते मी हिची. पसाभर पीठ उधार मिळत नाही मला!”

“बरोबर बोललात, आजी. मलाही एकदा भेटायचंय त्या माणसाला.”

म्हातारी आ वासून त्याच्याकडे बघत राहिली. “वर थट्टा करतात,” ती शेजारणीला म्हणाली.

पाहणीवाल्याला कळेना, यात थट्टा कुठे आली. त्याचा पारा आणखी चढला.

“ताई, नीट उत्तर द्या. नाहीतर आजच्या आज मी सगळं थांबवतो.”

गिरणीवालीचा चेहरा उतरला. तिने रांगेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चांगलाच धाक घातलाय हिला, पाहणीवाल्याच्या मनात आलं.

“साहेब, हात जोडते. दोन मिनिटं आत या.”

“नाही म्हटलं ना!”

तेवढ्यात तिचा धाकटा दीर आला आणि सरळ पेंडीच्या थप्पीकडे गेला. “वहिनी, एक पोतं नेतो. पैसे सुगीनंतर.”

“भावजी, माझ्या हातात काय आहे? मालकाला विचारून सांगते.”

“झालं! सहा महिने हेच ऐकतोय. वहिनी आहात की पोपट?” दिराने उचललेलं पोतं धपकन खाली टाकलं. “तुम्ही नका विचारू. आज मीच विचारतो.”

हात झटकत तो तरातरा आला, पाहणीवाल्यासमोर उभा राहिला आणि एकदम मऊ झाला.

“मालक, दर महिन्याला गाडीवरून येता, सगळी दुकानं बघून जाता. आमच्याशी कधी चार शब्द बोलला नाहीत. घरचाच माणूस आहे मी. एवढं एक पोतं सोडा की.”

रांगेत कोणी हललं नाही. गिरणीवाली जमिनीकडे बघत होती.

पाहणीवाल्याच्या खिशात कार्यालयाचा फोन वाजू लागला. त्याने तो वाजू दिला. घसा खाकरला.

“तुम्हाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल,” तो म्हणाला. “आपल्या गिरणीत उधारी बंद म्हणजे बंद.”