पहिला हात सुकेपर्यंत

बाथरूमच्या झरोक्यातून पॉलिशचा वास आला आणि दुपारचे आडवे झालेले मिस्त्री उठून बसले. काम सोडून चार वर्षं झाली होती. तेव्हापासून या घरात असा वास शिरला नव्हता.

बायको चिकटपट्टी घेऊनच धावत आली. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी कपाट पॉलिशला काढलं होतं, आणि या इमारतीत एका घरचा वास डक्टमधून सगळ्यांकडे मुक्कामाला यायचा. तिने पंखा लावला.

"बंद कर तो," मिस्त्री म्हणाले. "उलट आत ओढून घेतोय."

डॉक्टरांनी बजावलं होतं, असा वास आला की घराबाहेर पडायचं. सांगायला काय जातं? तीन जिने उतरायला मिस्त्रींना अर्धा तास लागायचा, चढायचं तर नावच नको. चाळीस वर्षं लाख आणि स्पिरिट हुंगून छातीचा पार खुळखुळा झाला होता. तेव्हा झरोका बंद करणं आलं. ती स्टुलावर चढून पट्ट्या लावू लागली. तेवढ्यात भिंत धरत धरत मिस्त्री दारात हजर.

"गाढव आहे," नाक वर करून ते म्हणाले. "पहिला हात ओला असतानाच दुसरा मारतोय."

"मारेना का. तुमचं कपाट आहे का ते?"

पण त्यांनी उरलेल्या फटीकडे तोंड केलंसुद्धा. "अरे, खाली कोण आहे? थांब जरा. पहिला हात सुकू दे. या दमट हवेत पांढरं पडेल सगळं."

खालचं घासणं थांबलं. "तुम्हाला कुठून दिसतंय, काका?"

"दिसत नाही. स्पिरिट अजून नाकाला झोंबतंय. ते उडालं की लाखेचा गोडसर वास उरतो. तेव्हा मार."

पुढचं खोकल्याने बोलू दिलं नाही. बायकोने त्यांना धरून पलंगावर बसवलं, पाणी पाजलं, झरोका पक्का चिकटवला आणि मग मनसोक्त बोलून घेतलं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

"दिवसभर विचारायचे गं मला," ते म्हणाले. "मिस्त्री, आता मारू का? आता कुणी काही विचारत नाही."

"मी विचारते ना. गोळी घेतली का?"

ते हसले नाहीत. तिने गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

बऱ्याच वेळाने पट्टीपलीकडून दबका आवाज आला. "काका, आता मारू का?"

मिस्त्री उठायला लागले.

"बसा तिथेच," ती म्हणाली. स्टुलावर चढून तिने पट्टीचा एक कोपरा सोडवला आणि फटीला नाक लावलं. याच वासापायी तिने आयुष्यभर त्यांचा सदरा दाराबाहेर काढायला लावला होता.

"काय येतंय?" पलंगावरून प्रश्न आला.

"झोंबत नाही आता."

"आणि?"

तिने आणखी एक श्वास घेतला. गरजेपेक्षा जरा मोठाच. "गोडसर."

"मार म्हण."

"मारा आता," तिने खाली सांगितलं. पट्टी परत लावता लावता थांबली आणि फटीतून पुन्हा म्हणाली, "पण हलक्या हाताने."

पलंगावर मिस्त्रींचा उजवा हात चादरीवरून गोल गोल फिरत होता.