दोन आणि तीनची वायर

सलग चौथ्या दिवशी बाबा बॉनेट उघडून वाकले. गाडी खोकायची आणि गप्प व्हायची. टॉर्च धरून लेकीचा हात भरून आला होता.

"पुरे ना बाबा! वायरी पुसून झाल्या, मीटर लावून झाला, काल नव्याही घातल्या. तिच्या मनात नाही चालायचं."

"गाडीला मन नसतं. प्लगची वायर एका वेळी एकच काढायची, तिथली तिथेच लावायची, म्हणजे घोळ होत नाही. फ्रॉक घालायचीस तेव्हा शिकवलंय."

"पाठ आहे मला," ती चिडून म्हणाली.

गेल्या आठवड्यात गाडी आत घेताना बाबांना फाटकाचा खांब दिसला नव्हता. खांबाचं प्लास्टर निघालं, पण घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

बाबांनी फडक्याला हात पुसले आणि किल्ली तिच्या तळहातावर आपटली.

"दोन आणि तीन नंबरच्या प्लगची वायर तू मुद्दाम अदलाबदल करून लावलीस, हे पहिल्याच दिवशी कळलं. डोळे गेलेत गं माझे, बोटं नाही गेली. 'बाबा, आता गाडी चालवू नका,' एवढं तोंडाने सांगशील म्हणून चार दिवस वायरी पुसतोय मी!"