दोन पक्ष्यांचा कागद

हाही नव्हे. धाकटीने गुलाबांचा गुच्छ बोटाने वर ढकलला. फोनच्या पडद्यावर हंस आला. तोही नव्हे. शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटची चेन अर्धी लावून पडली होती, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं, आणि ही बाई तासभर जुन्या भरतकामाचे लोकांनी टाकलेले फुकट नमुने धुंडाळत बसली होती. वय छप्पन्न झालं, पण माहेरी पडलेलं नाव काही सुटलं नाही. धाकटी ती धाकटीच.

नवरा चहाचा कप ठेवून गेला. जाता जाता 'फुकट ते पौष्टिक' असं पुटपुटलाच. त्याच्या मते प्रश्न कधीच सुटला होता. डाव्या बाजूचा कागद घरात आहे ना? मग तोच उलटा करायचा आणि उजवीकडे ठेवायचा, झालं काम. ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही, त्याने चाळीस वर्षं भरतकाम केलेल्या बाईला हे शिकवावं!

आईचा कागद उलटा करून चालणारच नव्हता. आई नमुना स्वतः काढायची. रेघेवरून सुईने बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायची आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायची. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांचं चित्र उमटलेलं असायचं. तिच्या शेवटच्या कागदावर एका फांदीवर दोन पक्षी होते. डावा चोच उघडून बोलतोय, उजवा मान वाकवून ऐकतोय. कागद उलटा केला तर दोघंही बोलत सुटणार. मग ऐकणार कोण?

भरतकाम आईने दोघींना शिकवलं होतं. ताईचा हात भरभर चालायचा, धाकटीची नजर कडक. ताईचा रुमाल भरून झाला की आई म्हणायची, आधी धाकटीला दाखव. आणि धाकटी चूक काढायचीच. काम मनापासून आवडलं तरी 'छान झालंय' हे दोन शब्द तिच्या तोंडून कधी फुटले नाहीत. ताई हसायची, तिच्या शेजारी येऊन बसायची आणि टाके उसवायची. धाकटीला तेच तर हवं असायचं.

आई गेली. पेटीतले बाकीचे कागद सुखासुखी वाटून झाले, या एकावर मात्र दोघी अडून बसल्या. ताई म्हणाली, मी मोठी. धाकटी म्हणाली, शेवटची तीन वर्षं आईचं सगळं मी केलं. शब्दाने शब्द वाढला. धाकटीने कात्री उचलली आणि फांदीच्या मधोमध चालवली.

"घे तुझा अर्धा," ती म्हणाली.

ताईने उजवा तुकडा उचलला आणि निघून गेली. त्याच वर्षी तिचं बिऱ्हाड दुसऱ्या शहरात हललं. एकीने पत्ता दिला नाही, दुसरीने विचारला नाही. त्याला बावीस वर्षं झाली.

धाकटीने आपल्याजवळचा पक्षी टेबलक्लॉथवर भरला. उजवीकडचं कापड कोरं राहिलं. दर वर्षी ती तो टेबलक्लॉथ धुवायची, इस्त्री करायची आणि पुन्हा कपाटात ठेवायची. आईने हा नमुना एखाद्या जुन्या मासिकातून घेतला असेल, तर कुठे ना कुठे सापडेलच, असं ती सगळ्यांना सांगायची. मला नमुना हवाय, बाकी काही नको, असंही सांगायची. खोटं होतं ते. ताईची आठवण आली की ती नमुना शोधायला बसायची, आणि आठवण रोज यायची.

हंसाच्या खाली एक टोपली होती. टोपलीच्या खाली फांदी आली.

धाकटीचं बोट थांबलं. पिवळा पडलेला कागद, रॉकेलचे डाग, टोचलेली भोकं, मान वाकवलेला पक्षी. कागदाची डावी कड वेडीवाकडी कापलेली. फांदीच्या गाठीपाशी कात्री घसरली होती, ती जागासुद्धा तशीच. त्या कडेला कुणीतरी नवा पांढरा कागद चिकटवला होता आणि त्यावर पेन्सिलीने दुसरा पक्षी काढला होता. खाली चार ओळी होत्या.

'आमच्या आईने काढलेला नमुना. ज्याला हवा त्याने घ्यावा, पैसे नकोत. डावी बाजू माझ्याकडे नाही, आठवणीने काढली आहे. चुकली असेल तर माझी धाकटी बहीण सांगेल.'

धाकटीला भरून आलं. ती उठली, कपाटातून आपला तुकडा काढला, फोनशेजारी ठेवला आणि चष्मा पुसून बसली. आपल्या तुकड्यावरच्या फांदीची पानं मोजली. अकरा. फोनवरच्या चित्रातही अकरा. चोच तेवढीच उघडी. जागा पुरली नाही म्हणून आईने शेपटीचं तिसरं पीस आखूड काढलं होतं, तेही आखूडच. एक रेघ इकडची तिकडे नव्हती.

नवऱ्याने दारातून डोकावून विचारलं, सापडला का, आणि बरोबर आहे का. तिने होकारार्थी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी थांबेना, त्यामुळे अक्षरं दोनदा चुकली, पण तिने त्या चार ओळींखाली उत्तर लिहिलं.

'ताई, साफ चुकलंय. हे असं लिहून कळायचं नाही, शेजारी बसून दाखवावं लागेल. पत्ता दे.'