शंभरातल्या तीस बाया

आमच्या व्यंकटला जेवतानाबी लॅपटॉप सोडवत न्हाई. ताटात काय वाढलं अन् कुणी वाढलं, त्याला पत्ता न्हाई. कॅन्सरच्या तपासणीला बायांना किती वर्षांनी बोलावलं तर किती वाचतील, ह्याचं गणित मांडून राहिलाय. शंभरातल्या तीस येणारच न्हाईत, असं त्यात धरलंय म्हणे.

पोळ्याच्या दिवशी त्यानं विचारलं, "माय, का येत नसतील गं?"

"लाजतात रे. छातीतली गाठ पदराखाली झाकून भाकरी थापत राहतात."

त्यानं मान वर न करता ते टाईप केलं.

काल लातूरच्या डॉक्टरनं माझे रिपोर्ट बघितले अन् लई उशीर झाला म्हणाला. व्यंकट रडाया लागला, "माय, मला सांगायचं तरी!"

 

"सांगितलं होतं की रे लेकरा. तू लिहून घेतलंस."