सातबाऱ्यावरची विहीर

नव्या रस्त्यात कोरीट गावची शेतं जाणार होती. त्यांच्या मोजणीसाठी दामिनीला ड्रोन घेऊन बोलावलं होतं. भिला नावाच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर विहीर होती, पण वरून काढलेल्या फोटोत ती दिसेना. दामिनी त्याच्यासोबत शेतात आली, तर विहिरीवर पत्रे टाकून वर माती पसरलेली.

"पत्रे काढा, आप्पा. मी पुन्हा ड्रोन उडवते. नाहीतर विहिरीचा मोबदला मिळणार नाही."

"मंग लिखी ले ताई, आठे विहीर नही शे."

"अहो, मी तिच्या काठावरच उभी आहे की!"

"मन्ही पोर बुडनी, त्या दिनपाइन नही शे."

दामिनीने विहिरीच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. भिलाने सही केली, आणि तिच्या बुटांनी उकरलेली माती हाताने सारखी केली.