पिवळी रेघ

उजव्या पंखाच्या बुडाशी काकांनी सवयीने बोट फिरवलं, तर बोट सरळ भोकात गेलं. तिथे बोल्ट असायला हवा होता.

"झालं का काका?" पुतणीने आतून विचारलं. पट्टे आवळून, हेल्मेट चढवून ती केव्हाची तयार बसली होती. शेडचं दार सताड उघडं, बाहेर लख्ख सकाळ. विमानाचं आज पहिलं उड्डाण, आणि उडवणार तीच.

"थांब जरा. इंजिनाला हात लावू नकोस."

त्यांनी पुढची भोकं चाचपली, मग डावा पंख पाहिला. शेपटीचे बोल्ट जागच्या जागी होते. पंखांचे मात्र अकरा गायब. उरलेल्यांवर पंख कसेबसे तोलून होते. कालच तर एकेक मोजून त्यांनी शेडला कुलूप घातलं होतं.

बोल्ट सापडले ते दादांच्या, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाच्या टेबलावर. सुटे भाग धुवायची दादांची जुनी वाटी, तिच्यात रॉकेल, आणि रॉकेलमध्ये नटांसकट अकराच्या अकरा. दादा गेल्यापासून सहा महिने तर वाटीत धूळच साचली होती.

पुतणी खाली उतरून मागे येऊन उभी राहिली. "कुणीतरी खोडसाळपणा केलाय."

"किल्ली एकच आहे. ती माझ्या गळ्यात."

काकांनी एक बोल्ट उचलून उजेडात धरला. डोक्यावरची लाल रेघ शाबूत होती, पिवळी कुणीतरी स्वच्छ पुसून काढली होती. दुसराही तसाच. सगळेच तसे.

सहा वर्षं खपून दोघा भावांनी हे विमान घरच्या घरी जोडलं, ते एका नियमावर. एकाने बोल्ट आवळायचा आणि लाल रेघ ओढायची. दुसऱ्याने पाना लावून बघायचा, तसूभर हलला नाही तरच पिवळी. लाल काकांची, पिवळी दादांची. दादा गेले तेव्हा अकरा बोल्ट राहिले होते.

"हे अकरा मी एकट्यानेच केले," काका म्हणाले. खोटं बोलायची आता त्यांना भीती वाटत होती. "पिवळा ब्रशही मीच फिरवला. म्हटलं, मीच आवळलेत, परत काय बघायचं? तुझ्या बाबांचा रंग वापरला बघ मी."

पुतणीने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. मग खिळ्यावरचा वडिलांचा पाना उतरवला. तो ओला लागला, तसा तिने हात सदऱ्याला पुसला. हाताला रॉकेलचा वास येत होता.

"आवळा तुम्ही. मी बघते."

काकांनी पहिला बोल्ट बसवला. दात-ओठ खाऊन, दोन्ही हातांनी, कपाळावर घाम येईपर्यंत आवळला. पूर्वी हेच काम ते गप्पा मारत एका हाताने करायचे. मग त्यांनी लाल रेघ ओढली आणि ते बाजूला झाले.

तिने पाना लावला. फारसा जोरही दिला नाही. बोल्ट अर्धा फेरा फिरला.

तिने पाना खाली घेतला.

"काका," ती हळूच म्हणाली, "ते अकराही असेच होते का हो?"